बोटॉक्स, फिलर घ्यायच्या आधी परवाने कसे तपासायचे : खान्देशातल्या नवख्यांसाठी

आखाजी जवळ आली, लग्नाच्या तारखा निघाल्या की जळगाव, भुसावळ, धुळे, शहाद्यातल्या मोबाइलवर चेहऱ्याच्या जाहिराती वाढतात. ‘ब्रायडल ग्लो पॅकेज’, ‘ग्लुटा ड्रिपवर सूट’, ‘लिप फिलर एका तासात’. जवळजवळ प्रत्येकीच्या तळाशी एक शिक्का असतो : ‘एफडीए अप्रूव्ड’. औषधाच्या काउंटरमागे उभं राहून केस पांढरे झालेल्या माझ्यासारख्या माणसाला हा शिक्का दिसला की दोनच प्रश्न पडतात. कुठली एफडीए? आणि मंजुरी नेमकी कशाला?

या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवायची रीत खाली सांगतो. बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करून सुरकुत्या कमी करणारं इंजेक्शन, फिलर म्हणजे ओठ-गाल भरायला टोचायचं जेल, आणि ग्लुटा ड्रिप म्हणजे गोरेपणासाठी म्हणून शिरेतून दिलं जाणारं ग्लुटाथायोन. यातली सुई घ्यावी की घेऊ नये हे तुमचं तुम्ही ठरवा. घ्यायचीच असेल, तर कुणाला काय विचारायचं तेवढं माहीत असलेलं बरं.

आधी ‘एफडीए’चा गुंता सोडवा

आपल्याकडे एफडीए म्हटलं की महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन. दिवाळीआधी खवा तपासणारे, आमच्यासारख्यांच्या मेडिकलची बिलं आणि फ्रिज बघायला येणारे तेच. औषध विक्रीचे परवाने देणं, नमुने घेणं, छापे टाकणं ही त्यांची कामं. नवीन औषधाला देशात मंजुरी मात्र ते देत नाहीत. ती दिल्लीतली केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, देते. भारताचे औषध महानियंत्रक तिचे प्रमुख. तिसरी ती अमेरिकेची एफडीए. तिची मंजुरी अमेरिकेपुरती. तिथे मंजूर झालेलं इंजेक्शन भारतात आणून विकायचं तर इथली नोंदणी आणि आयात परवाना वेगळा लागतो. जाहिरातीतला शिक्का बहुतेक वेळा या तिसरीचा असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की जळगावच्या ऑफिसनेच पाहणी करून दवाखान्याला हिरवा कंदील दिला.

यातली कुठलीही संस्था पार्लरला, क्लिनिकला किंवा ‘पॅकेज’ला मंजुरी देत नाही. मंजुरी असते ती एका वस्तूला : अमुक कंपनीने बनवलेली, अमुक कामासाठी, अमुक मार्गाने, अमुक मात्रेत. बोटॉक्सचंच बघा. अमेरिकेत ते १९८९ साली मंजूर झालं ते तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मंजुरी आली २००२ साली, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी २०१३ साली, कपाळाच्या रेषांसाठी २०१७ साली. बाटली तीच, तरी प्रत्येक जागेसाठी वेगळा अभ्यास, वेगळी परवानगी. जबडा बारीक दिसावा म्हणून गालाच्या स्नायूत ते देतात, पण त्यासाठी तिथेही मंजुरी नाही. मंजूर औषध डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने दुसऱ्या कामाला वापरतात, असं वैद्यकात चालतं. मात्र तसं असेल तर ते तुम्हाला आधी सांगायला हवं, आणि मग त्यावर ‘अप्रूव्ड’चा शिक्का मारू नये.

पहिली पायरी : टोचणार काय, ते नाव लिहून मागा

‘ग्लो इंजेक्शन’ हे नाव नव्हे. ‘कोरियन स्किन बूस्टर’ हेही नव्हे. औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, कंपनी आणि किती युनिट किंवा किती मिली, हे कागदावर मागा. कागद मिळाला की वस्तू कायद्याच्या कुठल्या खणात बसते ते कळतं, आणि पुढची तपासणी त्यावरच ठरते.

बोट्युलिनम टॉक्सिन, ज्याला सगळे सरसकट बोटॉक्स म्हणतात, ते औषध आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा त्याला पूर्ण लागू. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. बोटॉक्स हे एका कंपनीचं ब्रँडनाव आहे. त्याच जातीची दुसरी औषधंही बाजारात आहेत, आणि एका ब्रँडचं एक युनिट दुसऱ्याच्या एका युनिटाइतकं नसतं. ‘मागच्या वेळी वीस युनिट दिले होते, तेवढेच द्या’ हे ब्रँड बदलल्यावर चालत नाही.

फिलर हे बहुतेक हायल्युरोनिक ॲसिडचं जेल असतं. कायद्याच्या भाषेत ते वैद्यकीय उपकरण. त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात, १ जानेवारी २०१८ पासून. या नियमांत उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. परदेशातून येणाऱ्या फिलरचा आयात परवाना दिल्लीहूनच घ्यावा लागतो. ‘हे औषध नाही, त्याला परवाना लागत नाही’ असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या दृष्टीने ‘औषध’ या व्याख्येत आली आहेत.

क्रीम, सीरम, फेसपॅक ही सौंदर्यप्रसाधनं. त्यांचे नियम २०२० चे, आणि नोंदणी वरून लावण्यासाठी. कोरियातून आलेली काही कुप्यांची खोकी अगदी इंजेक्शनसारखी दिसतात, आत सीरम असतं. ते सिरिंजमध्ये भरलं म्हणून इंजेक्शन होत नाही. त्वचेच्या आत जाणारी वस्तू निर्जंतुक लागते, आणि लावायच्या सीरमची तशी तपासणी झालेलीच नसते.

आता ग्लुटाथायोन. याच्यावर थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे बोटॉक्सपेक्षा याचीच विचारणा जास्त. लग्नाच्या बायोडाटात ‘रंग गोरा’ लिहायची खोड जात नाही तोवर ती राहणार. ग्लुटाथायोन शरीरात तयार होणारा पदार्थ आहे आणि त्याचं इंजेक्शन बाजारात मिळतं, हे खरं. पण शिरेतून देऊन त्वचा गोरी करण्यासाठी त्याला भारतात मंजुरी नाही, अमेरिकेत नाही. फिलिपाइन्समध्ये याचं वेड आपल्याहून आधी पसरलं. तिथल्या औषध प्रशासनाने २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली लोकांना इशारा दिला. अंगावर फोड येऊन कातडी सुटणाऱ्या गंभीर ॲलर्जीपासून मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या बिघाडापर्यंतचे धोके त्यात सांगितले होते. त्यामुळे ‘ग्लुटा ड्रिप सरकारमान्य’ ही पाटी दिसली तर विचारा : मान्यता कुठल्या आजारासाठी? गोरेपणा हे उत्तर त्यात नसेल.

हनुवटीखालची चरबी विरघळवणारं डीऑक्सिकोलिक ॲसिडचं एक इंजेक्शन अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालं, फक्त हनुवटीखालसाठी. पोट, दंड, मांड्यांसाठी म्हणून ऑनलाइन जी ‘लायपो’ पाणी विकली जातात त्यांच्यामागे ही मंजुरी नाही. एक्झोसोमला, म्हणजे पेशींतून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना, अमेरिकेच्या एफडीएने कुठल्याच इंजेक्शनसाठी मंजुरी दिलेली नाही, २०१९ साली उलट इशारा दिला होता. सॅल्मन माशाच्या डीएनएची इंजेक्शनं कोरियात चालतात. तेवढ्याने ती इथे परवानाधारक ठरत नाहीत, डब्यावर आयात परवाना शोधायचाच. आणि सुईशिवाय दाबाने जेल घुसवणारं ‘हायल्युरॉन पेन’ घरी मागवू नका. २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएने त्याच्याविरुद्ध स्पष्ट सूचना काढली आहे.

पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) वेगळं. त्यात तुमचंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग परत टोचतात, म्हणून डबा वाचण्यासारखं काही नसतं. सगळी भिस्त नळ्या, सुया आणि स्वच्छतेवर. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये पीआरपीचं फेशियल घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलं. नळी आणि सुई तुमच्यासमोर फोडली जाते की नाही, नळीवर तुमचं नाव लिहिलं जातं की नाही, हे डोळ्यांनी पाहायचं.

दुसरी पायरी : डबा हातात घ्या

जळगावच्या सराफ बाजारात कोणी नुसतं तोंडी ‘शुद्ध आहे’ म्हटलं तर आपण पैसे मोजत नाही. दागिन्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक मोबाइलवर टाकून बघतो, मग बोलणी. इथेही तोच काटेकोरपणा हवा. डबा बंद असताना मागा, वाचा, फोटो काढा. डॉक्टर चांगला असेल तर त्याला राग येत नाही. राग आला तर तुमचं काम सोपं झालं.

डब्यावर काय बघायचं? उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख, एमआरपी. भारतात बनलेलं असेल तर उत्पादन परवाना क्रमांक. बाहेरून आलेलं असेल तर आयात परवाना क्रमांक आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता. हा मजकूर बऱ्याचदा वेगळ्या स्टिकरवर असतो. फक्त कोरियन, चिनी किंवा अरबी मजकूर, रुपयांत किंमत नाही, आयातदाराचा पत्ता नाही, असा डबा म्हणजे कुणाच्या तरी बॅगेतून आलेला माल. स्वतःपुरतं औषध परदेशातून मागवायला कायद्यात छोट्या मात्रेची वेगळी परवानगी आहे, पण ती ‘स्वतःपुरतं’च. त्या वाटेने आलेली बाटली गिऱ्हाइकाला टोचता येत नाही.

फिलर आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येतं, आणि चांगल्या कंपन्यांच्या पाकिटात बॅच क्रमांकाची सुटी स्टिकरं असतात. एक डॉक्टरच्या फाइलला, एक तुमच्या कागदाला. ते मागून घ्या आणि आधार कार्डाइतकं जपा. दोन वर्षांनी गाठ आली आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरने ‘आत काय भरलंय?’ विचारलं, तर उत्तर त्या स्टिकरवर असतं.

शंका असेल तर खरेदीची साखळी विचारा. कायद्याने नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतो, त्यासाठी त्याला दुकानाचा परवाना लागत नाही. पण तो माल परवानाधारक विक्रेत्याकडूनच घेतलेला हवा आणि त्याची नोंद हवी. म्हणजे दवाखान्यात खरेदीचं बिल असणारच. त्या बिलावर विक्रेत्याचा औषध परवाना क्रमांक छापलेला असतो. बनावट मालाची भीती पोकळ नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्स सापडलं आणि तिथल्या एफडीएला बॅच क्रमांकासकट सावधगिरीची सूचना काढावी लागली. तिथे घुसलं, तर इथे घुसायला काय अडचण?

तिसरी पायरी : आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात ठेवा

मुंबई-पुण्याच्या लेखांत हे कुणी लिहित नाही, म्हणून मी लिहितो. बोटॉक्सची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बऱ्याच फिलरना २५ अंशांच्या वर चालत नाही. लग्नसराई असते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास. सुरतेहून किंवा मुंबईहून पार्सल निघालं, ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर आलं, सकाळी कुरिअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारपर्यंत पडलं. कागदोपत्री माल अस्सल, परवाना खरा, तारीख शिल्लक. आत मात्र टॉक्सिनच्या प्रथिनाचं काय झालं ते कुणी सांगू शकत नाही. बिघडलेलं टॉक्सिन बहुधा लागूच पडत नाही. मग ‘तुम्हाला जास्त डोस लागतो’ असं म्हणून आणखी पैसे लागतात.

म्हणून विचारा : माल थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसह आला का? फ्रिज औषधासाठी वेगळा आहे, की त्यात दुधाची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्याही आहेत? तापमानाची नोंद ठेवता का? लाइट गेली तर इन्व्हर्टर फ्रिजला जोडलेला आहे का? आमच्या दुकानात इन्सुलिन आणि लसींसाठी हेच प्रश्न निरीक्षक विचारतात, तेव्हा यात डॉक्टरचा अपमान वाटण्यासारखं काही नाही.

टॉक्सिन बाटलीत कोरडं असतं, डॉक्टर त्यात सलाइन घालून ते पातळ करतात. बोटॉक्सच्या लेबलप्रमाणे पातळ केल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत वापरायचं. काही डॉक्टर ते जास्त दिवस ठेवतात आणि एक बाटली अनेकांत वाटतात. किती पाणी घातलं यावर डोस ठरतो, म्हणून किंमत ‘प्रति मिली’ नको, ‘प्रति युनिट’ विचारा. आधीच भरून ठेवलेली, नाव नसलेली सिरिंज ट्रेमधून उचलली गेली तर खुर्चीवरून उठायला लाजू नका.

चौथी पायरी : सुई धरणारा हात

माल खरा असला तरी हात चुकीचा असेल तर परवान्यांचा उपयोग शून्य. ॲलोपॅथी डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून ती बघता येते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर छापणं डॉक्टरला बंधनकारक आहे. गुजरातहून किंवा इंदूरहून येणारा डॉक्टर असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या देशभराच्या नोंदवहीत शोधा.

नाव सापडलं की पदवी बघा. त्वचारोगात एमडी, डीएनबी, किंवा जुन्या डॉक्टरांच्या डीव्हीडी, डीडीव्हीएल या पदविका. नाहीतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हे पाटीवर छान दिसतं, पण आयोगाच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदव्यांत ते नाही. आठवड्याच्या शिबिराचं फ्रेममधलं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. दंतवैद्यांना चेहऱ्यावर हे करता येतं का, होमिओपॅथी डॉक्टरांनी ॲलोपॅथीचं किती करावं, यावर परिषदांमध्ये आणि न्यायालयांत वाद चालू आहेत. त्या वादाचा निकाल तुमच्या गालावर लागू नये एवढं बघा. चेहऱ्यावरच्या सुईसाठी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच निवडावा, असं माझं मत आहे आणि ते मी बदलत नाही. कारण चेहऱ्याच्या धमन्या कुठून जातात हे ज्याला पाठ नाही, त्याच्या हातातलं फिलर धमनीत गेलं तर कातडी काळी पडून मरते, आणि क्वचित डोळा कायमचा जातो.

नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पार्लरच्या भिंतीवरचा गुमास्ता परवाना दुकान चालवण्याचा असतो. त्यावर सुई चालत नाही.

आता ‘पाहुणे डॉक्टर’. नंदुरबार, शिरपूर, चाळीसगाव, अमळनेर अशा गावांत रविवारी बाहेरून डॉक्टर येतात, दहा-बारा जणींना टोचतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. पदवी खरी असू शकते. माझा प्रश्न सोमवारचा आहे. फिलरमुळे धमनी बुजली तर लक्षणं लगेच किंवा काही तासांत दिसतात, आणि उपायही तासांत करावा लागतो. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर विरघळवतं. ते त्याच दवाखान्यात, त्याच फ्रिजमध्ये हवं. ‘लागलं तर मागवू’ हे उत्तर नाही. ॲलर्जीच्या झटक्यासाठी ॲड्रेनालिन आणि ऑक्सिजनही हवं. आणि सोमवारी सकाळी तुम्हाला तपासणाऱ्या स्थानिक डॉक्टरचं नाव कागदावर हवं. यातलं एक जरी कमी असेल तर प्रवास करून जळगाव-धुळ्याला किंवा नाशिकला पक्क्या दवाखान्यात जा. भाडं जास्त पडेल, पडू द्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे आहेत. तिथल्या त्वचारोग विभागाच्या ओपीडीत नुसता सल्ला घ्यायला गेलात तरी निम्म्या शंका फिटतील.

जागेकडे एक नजर

इथे वेळ कमी लागतो. सुया टाकायला पांढरा, टोचून फुटणार नाही असा डबा, काचेच्या बाटल्यांना निळा, रक्ताळलेल्या कापसाला पिवळी पिशवी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लहान दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. ते भिंतीवर दिसलं तर चांगली खूण. वापरलेली सुई मॅगीच्या पाकिटांसोबत कचऱ्याच्या डब्यात दिसली तर पुढचं काही विचारायची गरज नाही. घरी, हॉटेलच्या खोलीत, हळदीच्या मांडवात ‘बोटॉक्स पार्टी’ नको. नको म्हणजे नको.

पाचवी पायरी : संमतीपत्र आणि तारीख

संमतीपत्र मराठीत मागा, किंवा वाचून दाखवायला सांगा. त्यात वस्तूचं नाव, जागा, मात्रा, धोके आणि मंजुरीबाहेरचा वापर असेल तर तसा उल्लेख हवा. तुमच्याकडून डॉक्टरला सांगायच्या गोष्टी : गरोदरपण, अंगावर दूध पाजणं, स्नायूंचा कुठला आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, चालू असलेली अँटिबायोटिकं, आधीचं कुठलंही इंजेक्शन, ॲलर्जी, चेहऱ्यावर आलेली पुळी किंवा नागीण. सासूबाई सोबत आहेत म्हणून पाळी चुकल्याचं लपवू नका. डॉक्टरला एकटीने भेटायचा हक्क तुम्हाला आहे.

वयाचंही बघा. अमेरिकेत बहुतेक फिलरची मंजुरी २२ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. आपल्याकडे एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आई येते आणि ओठ भरून मागते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर मिळाला तर तो धरून ठेवा.

तारखेचा हिशेब सोपा आहे. टॉक्सिनचा असर दिसायला काही दिवस, पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे, टिकतो तीन-चार महिने. फिलरनंतर सूज आणि निळे डाग काही दिवस राहतात. लग्नाआधी महिनाभर मोकळा ठेवा. हळदीच्या आठवड्यात पहिल्यांदाच सुई घेणं म्हणजे फोटोत निळा डाग पक्का.

पार्लरवाल्या ताईंसाठी दोन शब्द

तुमच्याकडे एजंट येतो. दोन दिवसांचं ट्रेनिंग, प्रमाणपत्र, सोबत पाच बाटल्या फुकट, ‘एका गिऱ्हाइकात वसूल’. त्याला तीन गोष्टी विचारा : तुझा औषध विक्रीचा परवाना क्रमांक काय, आयात परवाना कुणाच्या नावावर आहे, आणि पक्कं बिल देतोस का. बहुतेक जण चहा संपायच्या आत उठतात. परवान्याशिवाय औषध विकणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि निरीक्षकाने विचारलं तर माल कुणाकडून घेतला ते सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. एजंटचा फोन तेव्हा बंद असतो. फेशियल, थ्रेडिंग, मेकअप हे तुमचं हुन्नर. त्याला या बाटल्यांची गरज नाही.

सहावी पायरी : काही बिघडलं तर

फिलरनंतर असह्य दुखणं, कातडी पांढरी पडणं, जाळीसारखे निळसर डाग, दिसायला अंधुक होणं, बोलताना जीभ अडखळणं : यातलं काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ नाही. टोचणाऱ्याला त्याच क्षणी फोन करा, आणि नजर गेली असेल तर १०८ बोलवा. डोळ्याच्या बाबतीत मिनिटांचा खेळ असतो. टॉक्सिनचं वेगळं आहे. गिळताना, बोलताना, श्वास घेताना त्रास झाला तर तो काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. औषध टोचल्या जागेपासून दूर पसरल्याची ती खूण असते. अमेरिकेत २००९ पासून हा इशारा या औषधांवर चौकटीत छापावा लागतो. तुमच्याकडे बॅचचा फोटो असेल तर तो दवाखान्यात आधी दाखवा.

दुष्परिणाम नोंदवायला पोलिसात जावं लागत नाही. औषधाचा असेल तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्णालाही तिथे नोंद करता येते. फिलरसारख्या उपकरणांसाठी २०१५ पासून वेगळा कार्यक्रम आहे, दोन्ही गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतात. इथे नुकसानभरपाई मिळत नाही. पण एकाच बॅचच्या चार तक्रारी चार गावांतून गेल्या की ती बॅच नजरेत येते.

माल संशयास्पद वाटला तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००-२२२-३६५, किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, औषधे यांच्याकडे लेखी अर्ज. डब्याचा फोटो, बिल, बॅच क्रमांक जोडा. कायद्यातलं एक कलम फारसं कुणाला माहीत नाही : कलम २६ प्रमाणे विकत घेतलेलं औषध किंवा प्रसाधन सामान्य ग्राहकही ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि सहीचा अहवाल मागू शकतो. म्हणून उरलेली बाटली किंवा रिकामा डबा फेकू नका.

टोचणारा डॉक्टरच नव्हता असा संशय असेल तर गावात तालुका आरोग्य अधिकारी, जळगाव-धुळ्यासारख्या शहरात महापालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी. डॉक्टर नोंदणीकृत आहे पण वागला चुकीचा, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. तुमच्या उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात, तेव्हा अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.

पैसे परत हवेत किंवा भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवून दिलं आहे. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर दावा जिल्ह्यातच चालतो, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतो. आधी नुसतं विचारायचं असेल तर १९१५ वर फोन करा. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि बिल नसेल तर पहिली अडचण तिथेच येते. रोख दिलेत तरी पावती घ्या, आणि पावतीवर ‘ब्युटी सर्व्हिस’ नको, टोचलेल्या वस्तूचं नाव लिहून घ्या.